फिलोमेनाचा मेंढवाडा

कोट एकच होता, आणि तो तिनं बयाजीला दिला.

आम्ही दोघं मेंढवाड्याच्या दारात उभे होतो. समोरच्या डोंगरमाथ्यावर त्या सालचं पहिलं बर्फ पडलं होतं आणि वारा हाडात शिरत होता. फिलोमेना म्हातारी घरातून कोट हातांवर घेऊन आली. जाड तपकिरी लोकरीचा, मोठ्या बटणांचा. तिच्या मुलाचा, निकोलाचा. निकोला रशियाच्या लढाईवर गेला होता आणि वर्षभर त्याचं पत्र नव्हतं. म्हातारीनं आमच्या दोघांकडं पाहिलं, जरा थांबली आणि कोट बयाजीच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचं बटण तिनं स्वतः लावलं. मग त्याच्या छातीवर थोपटून काहीतरी म्हणाली.

"काय म्हनली?" मी विचारलं.

"निकोला माझ्याच मापाचा हाय म्हनं."

"आन् मी काय लहान पोर हाय?"

बयाजी हसला. "घे की मंग. दोघांत वापरू. सकाळी तू, दुपारनं मी."

"मला ब्लँकेट हाय," मी म्हटलं आणि आत गेलो.

ब्लँकेट म्हणजे कैद्यांच्या छावणीतून पळताना आणलेलं, मधोमध फाटलेलं फडकं होतं. पण त्या कोटात मी हात घालणार नव्हतो.

ही गोष्ट १९४३च्या नोव्हेंबरातली, इटलीच्या डोंगरातली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बयाजी माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा. तो चार वर्षांचा असताना माझी मावशी पटकीनं गेली. त्याच्या वडलांनी दुसरा संसार मांडला आणि पोराला वाईच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आमच्या गावी आणून सोडलं. तेव्हापासून आईच्या हातची पहिली भाकरी बयाजीच्या ताटात पडायची आणि दुसरी माझ्या. सणाला नवा सदरा आधी त्याच्या अंगाला लावून बघायची. शेरडू हरवलं तर मार मला. "आईबापाविना पोर हाय रं," ती मला म्हणायची. मला ते कळायचं. पण कळलं म्हणून पोटातली कळ थांबत नाही.

फौजेत एकाच दिवशी भरती झालो, एकाच कंपनीत पडलो. आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर बयाजीनं दोन जखमी गडी गोळीबारातून खाली आणले आणि त्याला नाईकाची फीत मिळाली. त्याच डोंगरावर मी पाच दिवस एका खडकामागं पडून होतो. पाण्याचा थेंब नव्हता, शेजारी मेलेला गडी होता, आणि मी जागा सोडली नाही. माझं नाव कुणी घेतलं नाही. फीत शिवायला बयाजीनं माझ्याकडंच सुईदोरा मागितला. मी दिला.

बेचाळीसच्या जूनमध्ये लिबियाच्या वाळवंटात आम्ही घेरले गेलो. गोळ्या संपल्या, रणगाडे चहूबाजूंनी आले, साहेबानं हात वर करायला सांगितलं. तीन दिवस उन्हातून चालवत नेलं. मग जहाजाच्या तळात कोंबून इटलीत आणलं आणि तारेच्या कुंपणात टाकलं. तिथं पंधरा महिने काढले. भुकेचं मी काही सांगत नाही. जो तिथं नव्हता त्याला ते कळायचं नाही. सांगायचं ते पत्रांचं. आई गावच्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची. महिना-दोन महिन्यांनी एखादं यायचं. सुरुवात ठरलेली: 'चिरंजीव बयाजी व हैबती यांस अनेक आशीर्वाद.' पंधरा महिन्यांत सात पत्रं आली. एकदाही हैबती आधी आला नाही.

छावणीत बयाजी भटारखान्यात कामाला लागला आणि तिथल्या शिपायांशी बोलून बोलून त्यांची भाषा शिकला. मला चार शब्द यायचे: पाव, पाणी, चल, थांब.

पुढं इटलीनं शरणागती पत्करली. पहारेकरी रातोरात घरी गेले आणि जर्मन यायच्या आत आम्ही शेकडो कैदी डोंगरात पांगलो. दोन महिने असे कुठं कुठं लपत आम्ही दोघं फिलोमेनाच्या वाडीवर पोचलो. साठीची बाई, एकटी, वीस मेंढ्या. पळालेल्या कैद्याला आसरा दिला तर जर्मन गोळी घालतात हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं मेंढवाड्यात गवताची जागा करून दिली.

माझं तिच्याशी काही वाकडं नव्हतं. पण तिथंही तेच सुरू झालं. बयाजी तिचं दूध काढायचा, तिच्याशी चुलीपुढं बसून बोलायचा. ती त्याला 'फिल्यो' म्हणायची, म्हणजे लेकरा. मला ती 'लाल्त्रो' म्हणायची. मला वाटलं, हैबती तोंडात बसत नाही म्हणून तिनं माझं ते नाव पाडलंय. मी त्या हाकेला ओ द्यायला लागलो. दोन आठवड्यांनी सहज बयाजीला विचारलं.

"लाल्त्रो म्हंजी काय रं?"

"म्हंजी... दुसरा."

"दुसरा?"

"आरं, तसं न्हवं. आपन दोघं हाय, एक ह्यो, एक दुसरा..."

"कळलं," मी म्हटलं.

कोट मिळाला तो त्यानंतर चार दिवसांनी.

त्या वाडीवर दोनातो नावाचा कोळसेवाला यायचा. डोंगरात भट्टी लावायचा आणि खेचरावर कोळसा लादून खालच्या गावांत विकायचा. लढाईची आघाडी आमच्यापासून तीन दिवसांच्या चालीवर, पूर्वेला नदीकाठी अडली होती. पलीकडं आपलं सैन्य होतं. दोनातोनं एक-दोन जणांना पलीकडं पोचवल्याचं बयाजी सांगायचा. त्याचं नि बयाजीचं काही बोलणं चालायचं. मला त्यातलं कळायचं नाही, आणि कोट मिळाल्यापासून मी बयाजीला विचारायचंही सोडलं होतं. तो काही बोलला की मी कूस बदलायचो.

एका सकाळी बयाजी कुऱ्हाड घेऊन लाकडं तोडायला वरच्या चेस्टनटच्या रानात गेला. ऊन चांगलं वर आलं होतं. मी गोठा झाडत होतो. फिलोमेना घाईनं आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेला पाव नि चीज होतं. ते तिनं माझ्या हातात कोंबलं. दोनातोचं नाव घेतलं, भट्टीकडं बोट केलं, सूर्याकडं बोट केलं. चल, चल. आज, आत्ता. मग वर रानाकडं हात करून लांबलचक काहीतरी बोलली. त्यातला एकच शब्द मला कळला: बया, बयाजीचं घरचं नाव.

बया वर रानात आहे, त्याला बोलाव. दोघं जा. मला ते स्वच्छ कळलं.

मी मान हलवली. तिनं माझ्या कपाळावर बोटानं क्रूस काढला. तिनं आजवर मला हात लावला नव्हता.

भट्टीची वाट रानाच्या खालून जायची. वाटेवर आलो तर वरून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. ठक, ठक. शंभर पावलांवर. एक हाक मारली असती तर बास होतं. मी थांबलो. खरंच थांबलो. तोंड उघडलं होतं.

मग मला वाटलं, आईपुढं एकटा उभा राहीन. आधी विचारायला तिला दुसरं कुणी नसेल. माझ्याच ताटात पहिली भाकरी पडेल. विचार एवढाच होता. बावीस वर्षांच्या गड्याच्या मनात, लढाईच्या मधोमध, भाकरीचा विचार.

वरची कुऱ्हाड थांबली. त्यानं मला पाहिलं की काय, म्हणून मी घाबरलो आणि झपाझपा चालू लागलो.

दोनातो भट्टीपाशी खेचराला पोती बांधत होता. मी म्हटलं, "बया, नो." बया येत नाही. त्यानं नुसती मान डोलावली. एक शब्द विचारला नाही. मला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. त्यानं माझ्या तोंडाला, हातांना कोळसा चोळला आणि तोंडावर नि कानावर बोट ठेवून दाखवलं, तू मुका-बहिरा. त्याला खरोखर तसा एक भाऊ होता आणि त्या भावाचा परवाना त्याच्या खिशात होता. दोन ठिकाणी जर्मनांनी अडवलं. एकानं माझ्या कानाशी जोरात टाळी वाजवली. मी हललो नाही. दोनातोनं दोन कागद दाखवले आणि आम्हाला सोडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका ओढ्यापाशी त्यानं मला पुढची वाट दाखवली आणि तो मागं फिरला. मी हात वर करून चालत राहिलो. झुडपातून आवाज आला, "कोन हाय त्यो? थांब, न्हाईतर गोळी घालीन!"

आपली भाषा. आपल्याच पलटणीतला गडी, कराडकडचा. मी तिथंच चिखलात बसलो आणि रडलो. त्याला वाटलं आनंदानं रडतोय.

चव्वेचाळीसच्या एप्रिलात मी रजेवर घरी आलो. आई अंगणात जोंधळे पाखडत होती. सूप ठेवून उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग माझ्या खांद्यावरून मागं वाटेकडं बघितलं.

"बया कुठाय?"

"चुकामूक झाली आये. जर्मन आलं, पळापळ झाली. त्यो एकीकडं, मी एकीकडं."

"तू त्याला हुडकलं न्हाईस?"

"हुडकलं."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती वाटेकडंच बघत राहिली. माझी भाकरी ती माझ्या ताटात टाकायची आणि तिचं लक्ष दारात असायचं. मी बेळगावला नव्या पोरांना कवायत शिकवायला लागलो. माझं लग्न ठरलं, मुलगी पसंत झाली. आईनं तिथी धरू दिली नाही. "बया येऊ दे. त्याच्या मागं कसं करायचं?" नसलेल्या माणसावर जळत राहणं फार वाईट असतं. तो समोर असतो तेव्हा निदान त्याचे दोष तरी दिसतात.

पंचेचाळीसच्या श्रावणात बयाजी आला. मी तेव्हा फौजेतून सुटून घरी आलो होतो. मी गेल्यावर बारा दिवसांनी जर्मनांनी वाडी धुंडाळली, तेव्हा तो सापडला. त्याला जर्मनीला नेलं. तिथं थंडीनं डाव्या पायाची तीन बोटं गेली. तो लंगडत अंगणात आला आणि आईला हुंदका आवरेना. मी पुढं होऊन त्याला मिठी मारली. तो इतका वाळला होता की त्याची फासळी न् फासळी माझ्या हाताला लागली.

आठ दिवसांनी आम्ही दोघं रानात बांध घालत होतो. पावसानं बांधाची दगडी ताल फुटली होती. दुपारची उघडीप होती. बयाजीनं फावडं टेकलं आणि म्हणाला, "हैबती, तुझी एक माफी मागायची हाय."

"कशापायी?"

"तुला फसवून धाडलं. राग धरला असशील."

मीही फावडं टेकलं.

"दोनातोकडं भावाचा एकच कागद व्हता. एकच गडी न्यायचा म्हनला. मी तुझं नाव सांगितलं. तुला इचारलं असतं तर तू मला सोडून गेला नसतास, म्हनून म्हातारीला म्हनलं, त्याला सांग, बया रानातनं म्होरं गेलाय. भट्टीवर गाठ पडंल. आन् मी कुऱ्हाड घेऊन रानात गेलो."

वर चढलेलं ऊन, ती बाई, रानाकडं केलेला हात. बया म्होरं गेलाय. हे ती म्हणत होती.

मला सुटका मिळाली होती. मी काहीच करायचं नव्हतं. नुसतं, बरं केलंस गड्या, असं म्हणायचं होतं, आणि मी जन्मभर फसवला गेलेला भोळा भाऊ राहिलो असतो.

बयाजी पुढं म्हणाला, "येकच कळलं न्हाई. तू खालच्या वाटंवर थांबला व्हतास. मी वरनं बघितलं. कुऱ्हाड थांबवून झाडामागं झालो, म्हनलं हाक मारतोय. मारली न्हाईस. का थांबला व्हतास?"

दम लागला होता म्हणून, असं सांगता आलं असतं. मी जे सांगितलं ते पस्ताव्यानं सांगितलं, असं आजवर मी स्वतःला समजावत आलो. पण ते खरं नाही. त्यानं आपली जागा मला दिली होती, बोटं घालवली होती, आणि वर माफी मागत होता. त्याचं ते मोठेपण मला सोसवेना. ते मोडावं म्हणून मी बोललो.

"म्हातारीचं मला कळलंच न्हाई," मी म्हटलं. "मला वाटलं, ती म्हनती, बयाला बोलीव आन् दोघं जावा. मी तुझी कुऱ्हाड ऐकली. तू तिथं हाईस हे मला म्हाईत व्हतं. मी हाक मारली न्हाई. तुला टाकून गेलो."

बयाजीनं फावडं खाली ठेवलं. म्हणाला, "टाकून?"

"व्हय."

"का?"

"आयला एकटा भेटावं म्हनून."

मला वाटलं तो फावडं उचलून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बांधावर बसला आणि त्यानं दुखरा पाय पुढं लांब केला.

"मंग ऐक," तो म्हणाला. "मीबी तुला काय धर्म म्हनून धाडला न्हाई. मला तिथं ऱ्हायचं व्हतं."

"तिथं? मेंढवाड्यात?"

"ती मला फिल्यो म्हनायची. रागवायची बी. एकदा दूध सांडलं तर पाठीत चापट घातली. तुला सांगतो, हैबती, मला एवढं बरं वाटलं! मावशीनं आजवर मला कवा मारलं? येकदा तरी? तुला बडवायची, शिव्या द्यायची, मंग कुशीत घिऊन बसायची. मला आधी वाढायची. पाव्हण्याला आधी वाढत्यात तसं. मी वीस वर्सं तुमच्या घरात पाव्हना. रातचं तुझा मार बघून मला वाटायचं, ह्येच्या जागी मी का न्हाई." त्यानं हातातलं ढेकूळ फोडलं. "तू तिथनं गेलास की म्हातारी माझी एकट्याची. म्हनून तुला धाडला. बर्फ वितळंपतूर का हुईना, एक आय माझी."

ओढ्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "तिचं काय झालं?"

"मी मेंढवाड्यात घावलो, घरात न्हाई. मीच म्हनलं, ही बाई वळखीची न्हाई, मी गुपचूप शिरलो. तिला शिकवून ठेवलं व्हतं, वळख दावायची न्हाई. मला नेताना ती दारात हुबी व्हती. हाक मारली न्हाई तिनं." त्यानं फावडं हातात घेतलं. "तुझ्यावानीच."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दिवाळीपर्यंत बोलला नाही. एका घरात जेवायचो, एका बैलजोडीमागं चालायचो, आणि आई एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायची. तिला आम्ही काही सांगितलं नाही. पाडव्याच्या दिवशी तो माझ्या लग्नाची तिथी काढायला भटजींकडं आपण होऊन गेला आणि घरी येऊन म्हणाला, "माघातली धरलीया." तेवढंच. त्यावर मी म्हटलं, "बरं."

पुढं त्याचंही लग्न झालं, शेजारी घर झालं, पोरंबाळं झाली. आई गेली तेव्हा दोघं तिच्या उशापायथ्याला होतो. फिलोमेनाला त्यानं दोन पत्रं धाडली. उत्तर आलं नाही. त्या रानातल्या बोलण्याचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. सगळ्या गावात आमच्या भावपणाचा दाखला देत.

बयाजी चार वर्षांपूर्वी गेला. मी पुढचा खांदा दिला. पोरं नको म्हणत होती, माझं वय बघून. ओढ्याच्या वळणावर खांदा बदलायला थांबलो आणि मी मागं वळून पाहिलं. पाच गावची माणसं होती. वाट भरून, पार देवळापर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तशातच मनात आलं, माझ्या वेळी एवढी येतील का?

मला तिथंच हसू फुटलं. मोठ्यानं. थांबेना. पोरानं घाबरून माझा दंड धरला. "आबा, काय झालं?"

"काही न्हाई," मी म्हटलं. "चला. त्याला उशीर नको."